सेनेका फॉल्सच्या परिषदेला 'प्रतिनिधी' पाठवले कुणी? (एकांकिकेसाठी मदत हवी)

विंगेतली_बाई

नमस्कार मंडळी. साताऱ्याचा आमचा हौशी ग्रुप यंदा एकांकिका करतोय. विषय अमेरिकेतल्या बायकांची मताधिकाराची चळवळ, त्यातही १९ आणि २० जुलै १८४८ ला न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या गावी भरलेली परिषद. लिखाण माझ्या गळ्यात पडलंय, कारण मागच्या वर्षी स्पर्धेत आपटल्यावर चहाच्या टपरीवर मीच म्हणाले होते, "पुढच्या वेळी मी लिहिते."

पहिला प्रवेश असा लिहिलाय: चर्चच्या दाराशी टेबल. टेबलावर नोंदवही आणि दौत. एकेक बाई येते, "मी अमक्या गावची प्रतिनिधी" असं सांगते, वहीत नाव लिहिते, टेबलामागची मुलगी तिच्या खांद्याला पिवळी फीत टाचते आणि बाई आत जाते. मला वाटलं, झकास जमलंय. काल वाचन झालं तर आमचे दिग्दर्शक म्हणतात, "ह्यांना पाठवलं कुणी? गावात मतदान घेतलं होतं का? आणि घेतलं असेल तर मग मताचा हक्क मागायला निघाल्यात कशाला?" सगळे खो खो हसले. मला उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचंय ते हेच. फोन नाही, मोटार नाही. एवढ्या बायका जमवल्या कुणी? प्रतिनिधी कोण, हे कसं ठरायचं? भाड्याचे पैसे कोण द्यायचं? शोधायला जावं तर सगळीकडे भाषणंच सापडतात. मला त्या टेबलामागचं हवंय.

बर्फातला_बंड्या

मी रॉचेस्टरला राहतो, सेनेका फॉल्स गाडीने तासाभरावर. भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा दाखवून झाला की दुसरा मुक्काम तोच, त्यामुळे गाइडचं बोलणं आता पाठ झालंय.

आधी टेबल काढून टाका. तिथे प्रतिनिधी नव्हतेच. रविवारी ९ जुलैला शेजारच्या वॉटर्लू गावात जेन हंट यांच्या घरी पाच जणी चहाला बसल्या होत्या. ल्युक्रेशिया मॉट, त्यांची बहीण मार्था राइट, मेरी ॲन मॅक्लिंटॉक, स्वतः जेन हंट आणि एलिझाबेथ केडी स्टॅन्टन. त्यांतल्या चौघी क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या वर्तुळातल्या, पाचव्या स्टॅन्टनबाई. तिथल्या तिथे नोटीस लिहिली आणि ती मंगळवारच्या 'सेनेका काउंटी कुरिअर'मध्ये छापून आली. पहिला दिवस फक्त बायकांसाठी, दुसऱ्या दिवशी कुणीही यावं, फिलाडेल्फियाच्या ल्युक्रेशिया मॉट बोलणार आहेत. बस्स. चहापासून परिषदेपर्यंत मोजून दहा दिवस. आमच्या इथल्या गणेशोत्सवाचा हॉल बुक करायलाही ह्याहून जास्त दिवस लागतात.

आली साधारण तीनशे माणसं. परिषदेत मांडलेल्या बायकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सह्या शंभर, ६८ बायका आणि ३२ पुरुष. पेपरांनी टिंगल सुरू केल्यावर त्यांतल्या काहींनी सह्या मागेही घेतल्या.

नाटकाला उपयोगी पडेल असं एक सांगतो. पहिल्या दिवशी सकाळी मंडळी पोहोचली तर चॅपलला कुलूप. शेवटी स्टॅन्टनबाईंच्या लहान भाच्याला उचलून खिडकीतून आत सोडला आणि त्याने आतून दार उघडलं. त्या चॅपलचे पुढे जे हाल झाले ते विचारू नका. तिथे मोटारींचं दुकान झालं, कपडे धुवायची लाँड्री झाली. आता राष्ट्रीय स्मारक आहे. शेजारी दगडी भिंतीवर तो अख्खा जाहीरनामा कोरलाय आणि त्यावरून पाणी वाहतं. माझ्या आईने त्या पाण्याला हात लावून हात जोडले होते.

निवृत्त_चिटणीस

विंगेतली_बाई, तुमच्या दिग्दर्शकांना माझा नमस्कार सांगा. ते हसले असतील, पण बोट बरोबर जागी ठेवलंय त्यांनी.

मी इतिहासातली कुणी नाही. नगर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होते आणि एकवीस वर्षं आमच्या संघटनेचं आधी तालुक्याचं, मग जिल्ह्याचं चिटणीसपद केलं. म्हणजे अधिवेशनं भरवली. याद्या, पावत्या, बिल्ले, सतरंज्या, रात्रीचा पिठलं-भात. निवृत्त झाल्यावर मुलीने टॅब आणून दिला तेव्हापासून ह्या अमेरिकेतल्या बायकांच्या परिषदांचे वृत्तांत वाचत असते. इंग्रजी अडतं मध्येमध्ये, पण ठराव कुठल्याही भाषेतला असो, सूचक-अनुमोदक आले की मला घरी आल्यासारखं वाटतं.

संघटनेत काम केलेल्या माणसाला एक फरक लगेच कळतो. अधिवेशनं दोन तऱ्हेची. खुलं अधिवेशन म्हणजे मांडवात जो येईल तो आपला. प्रतिनिधी अधिवेशन म्हणजे दारात कागद बघणार, नाव यादीत असेल तर आत, आणि हात वर करायचा अधिकार त्यालाच. सेनेका फॉल्स हे खुलं अधिवेशन. बंड्या म्हणतात ते बरोबर, तिथे टेबल नको.

पण ह्या बायकांना कागदाची माहिती नव्हती असं समजू नका. चांगली पोळलेली होती त्यांतली एक. १८४० च्या जूनमध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियातल्या संस्थांनी रीतसर ठराव करून काही बायकांना प्रतिनिधी नेमलं होतं, मॉटबाई त्यांत होत्या. समुद्र ओलांडून गेल्या. तिथे पहिला अख्खा दिवस वाद कशावर, तर बायकांना प्रतिनिधी मानायचं की नाही. मोठ्या बहुमताने नाही म्हटलं. मग त्यांना कठड्यापलीकडे बसवलं, बघायचं आणि ऐकायचं. गॅरिसन नावाचे त्या चळवळीतले मोठे पुढारी उशिरा पोहोचले, त्यांना हे कळलं तेव्हा ते प्रतिनिधींच्या जागेवर न बसता बायकांजवळ सज्जात जाऊन बसले. तिथेच मॉटबाई आणि नवऱ्याबरोबर लग्नानंतरच्या प्रवासात आलेली तरणी स्टॅन्टन ह्यांची ओळख झाली. कागद होता, शिक्का होता, जागा मात्र प्रेक्षकांत. आठ वर्षांनी त्यांनी स्वतःची परिषद भरवली तेव्हा दारात कुणाचा कागद मागितला नाही, ह्याचं मला तरी नवल वाटत नाही.

आता कोण आलं? जवळपासचं आलं. घोडागाडीने, पायी. शार्लट वुडवर्ड म्हणून अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी होती, घरी बसून हातमोजे शिवायची, नगावर पैसे. मैत्रिणींना घेऊन गाडीतून आली. सह्या करणाऱ्या शंभरांतली १९२० साली मताचा हक्क मिळाला तेव्हा हयात असलेली ती एकटीच म्हणतात, आणि त्या वेळी आजारपणामुळे तिला मत टाकायला जाता आलं नाही. तुमच्या टेबलामागच्या मुलीच्या जागी हिला घ्या. बाकी सगळ्या बड्या घरच्या बायका रंगमंचावर बोलत राहतील, हिच्या बोटांना सुया टोचलेल्या असतील.

दोन आठवड्यांनी, २ ऑगस्टला रॉचेस्टरला दुसरी सभा. तिथे ॲबिगेल बुश ह्यांना अध्यक्ष करायचं ठरलं तर मॉटबाई आणि स्टॅन्टनबाईंनाच ते पटेना, बाई अध्यक्ष म्हणजे फारच धाडस म्हणे! (सेनेका फॉल्सला मॉटबाईंचे यजमान अध्यक्षस्थानी होते.) बुशबाई बसल्या आणि सभा सुरळीत पार पडली. हे वाचून मी एकटीच हसले होते. आमच्याकडेही पहिल्या मेळाव्याला "अध्यक्ष कुणीतरी सर असू देत" म्हणणाऱ्या आमच्याच बायका होत्या, आणि त्यांत मीही होते.

मग पहिली राष्ट्रीय परिषद, वूस्टर, मॅसॅच्युसेट्स, २३-२४ ऑक्टोबर १८५०. पॉलिना राइट डेव्हिस अध्यक्ष, अकरा राज्यांतून लोक, हजारभर माणूस. इथेही प्रतिनिधी असे नाहीत. काय असायचं, तर 'आवाहन'. चारपाच जणी पत्रं लिहून ओळखीच्या, नाव असलेल्या लोकांच्या सह्या मिळवायच्या आणि त्या सह्यांसकट ते पत्रक छापायच्या. वूस्टरच्या आवाहनावर ८९ नावं होती. आपण पत्रिकेत निमंत्रकांची रांग छापतो ना, तसं. आपल्या भागातलं एखादं नाव दिसलं की माणूस येतो. आणि ज्याला येणं जमत नाही तो पत्र पाठवतो, ते सभेत वाचतात. स्टॅन्टनबाईंची त्या काळातली हजेरी अशी पत्रानेच असायची, पदरात लहान मुलं. एकूण सात झाली त्यांना.

असं वर्षानुवर्षं चाललं. १८५२ ला सिराक्यूजच्या परिषदेत विषय निघाला की आता कायमची राष्ट्रीय संस्था करू, शाखा काढू, नियम करू. बायकाच नको म्हणाल्या. ल्युसी स्टोन ह्यांचं बोलणं वृत्तांतात आहे: आम्ही सगळ्या असल्या संस्थांमध्ये राहून आलोय, भाजलेलं पोर विस्तवाला भितं तशा आम्ही भितो, अंगठे आवळणारे आणि जीव आवळणारे चाप पुरे झाले. अर्नेस्टाइन रोझ ह्यांना तर संस्था म्हणजे चिनी मुलींच्या पायांना बांधतात तशा पट्ट्या वाटायच्या.

आणि आता गंमत बघा. सतरा वर्षांनी प्रतिनिधींचा आकडा ठरवून पहिली मोठी संस्था काढली कुणी? ह्याच ल्युसी स्टोनबाईंनी.

झालं काय, की यादवी युद्ध संपल्यावर काळ्या पुरुषांना मताचा हक्क देणारी दुरुस्ती आली, बायकांना त्यात जागा नव्हती. पाठिंबा द्यायचा की नाही ह्यावर फूट पडली. मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कला एका अधिवेशनासाठी लोक जमले होते. ते संपल्यावर १५ तारखेला स्टॅन्टन आणि सुझन अँथनी ह्यांनी जे तिथे होते त्यांना घेऊन स्वतःची राष्ट्रीय संस्था काढून टाकली. जे गावाला परत निघाले ते राहिले बाहेर. संघटनेतल्या माणसाला हा डाव नवा नाही. सभा संपली, लांबचे लोक एसटी पकडायला गेले, की राहिलेले दहा जण कार्यकारिणी निवडतात.

स्टोनबाईंच्या बाजूने मग क्लीव्हलंडला नोव्हेंबर १८६९ मध्ये सभा बोलावली आणि तिच्या आवाहनातच नियम घातला: राज्याच्या संस्थेने नेमलेले प्रतिनिधी घेऊ, पण त्या राज्याचे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जितके सभासद तितकेच, जास्त नाहीत. म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांनी तीन डबे भरून माणसं आणली तरी आकडा वाढणार नाही. फार हुशार कलम आहे. पण मी अडकले पुढच्या ओळीवर. एखाद्या राज्याचा आकडा भरत नसेल, तर स्थानिक संस्थेचे लोक चालतील, किंवा कुठल्याच संस्थेचे नसलेलेही चालतील. अट एकच, माणूस खरोखर त्या राज्यातला राहणारा पाहिजे.

ती ओळ वाचली आणि टॅब बाजूला ठेवला. कारण सांगते, लांबेल जरा.

१९९६ चं आमचं जिल्हा अधिवेशन. शंभर सभासदांमागे एक प्रतिनिधी असा नियम. मी क्रेडेन्शियल कमिटीवर, म्हणजे प्रतिनिधींचे कागद तपासणाऱ्या समितीवर. मंगल कार्यालयाच्या कोठीघरात ट्यूबलाइटखाली बसून पावती पुस्तकं तपासत होतो. एका तालुक्याने ऐन वेळी नवं पुस्तक आणलं, एकशे चाळीस सभासद. खरं पावती पुस्तक कसं असतं, तर कोपरे वळलेले, मध्ये शाई बदललेली, कुठे चहाचा डाग, कुठे आकडा खोडलेला, तारखा पाच महिन्यांत पसरलेल्या. हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरं करकरीत, एकाच पेनाने, एकाच हाताने. ते मी नामंजूर केलं आणि फार शाबासकी मिळवली. (आमचंही धुतल्या तांदळाचं नव्हतं. बारा जणींची वर्गणी मी माझ्या मानधनातून भरली होती. पण त्या बारा बायका खऱ्या होत्या.)

त्याच रात्री साडेनवाला अकोल्याकडच्या डोंगरातून एक बाई आली. नगर जिल्ह्यातलं अकोले म्हणतेय. त्या तालुक्याचा कोटा तीनचा, आल्या होत्या दोघी. तिसरी बाळंत झाली म्हणून तिने हिला पाठवलं होतं, तोंडी. ठरावाची प्रत नाही, लेटरहेड नाही, शिक्का नाही. नऊ किलोमीटर चालून पहिली एसटी धरली होती तिने. हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि आपलं हजेरीपुस्तक आणलेलं. मी सेविका आहे हे दाखवायला. प्रतिनिधींना तांबडी फीत होती, निरीक्षकांना पिवळी. मी तिला पिवळी दिली. दुसऱ्या दिवशी मानधनाच्या ठरावावर मत घेतलं तेव्हा तिने हात वर केला होता. मोजणारा स्वयंसेवक माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, तेव्हा त्याने तो हात सोडून पुढचा मोजला. तिने बराच वेळ वर ठेवला होता.

जागा रिकामी होती हो. तिसरी खुर्ची रिकामीच राहिली दोन दिवस. क्लीव्हलंडचा नियम असता तर ती बसली असती.

सडेतोड_सदा

ताई, तुमचं लिहिणं छान, पण मूळ प्रश्न एकांकिकेचा. साताऱ्यातल्या प्रेक्षकांना सिराक्यूज काय आणि क्लीव्हलंड काय! आपल्याकडच्या बायकांचं काही करा की. कुठल्या कुठे अमेरिका.

पोटमाळ्यावरची_पुस्तकं

सदाभाऊ, कुठल्या कुठे नाही. पंडिता रमाबाई तिथे होत्या.

सेनेका फॉल्सला चाळीस वर्षं झाली म्हणून २५ मार्च ते १ एप्रिल १८८८ ह्या आठवड्यात वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय स्त्री परिषद भरली, ऑल्बॉ ऑपेरा हाउस नावाच्या नाट्यगृहात. ही मात्र चोख प्रतिनिधींची परिषद. ५३ संस्था, ४९ प्रतिनिधी, ऐंशी वक्त्या. इंग्लंड, फ्रान्स, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, कॅनडा, आणि ह्या यादीत हिंदुस्थान. हिंदुस्थान म्हणजे आपल्या रमाबाई. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे अडीच-तीन वर्षं अमेरिकाभर व्याख्यानं देत विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे करत राहिल्या.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि त्याच वर्षी अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक निघालं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. बायकांच्या संस्था तिथे कशा चालतात ह्याबद्दल त्यांनी त्यात अगदी हिशेबनीसाच्या बारकाईने लिहिलंय. आणि त्याच वर्षअखेरीला मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यात प्रथमच बायका प्रतिनिधी म्हणून बसल्या. रमाबाई, बंगालच्या स्वर्णकुमारी देवी, डॉक्टर कादंबिनी गांगुली. वॉशिंग्टनची परिषद बघून आलेली बाई दोन वर्षांच्या आत मुंबईच्या मांडवात प्रतिनिधीच्या जागेवर बसलेली, हे तुम्हाला साताऱ्यात चालेल ना?

विंगेतली_बाई

अरे देवा, मी एक प्रश्न विचारला आणि आता माझ्याकडे तीन अंकी नाटक झालं!

चिटणीसकाकू, तुमचं वाचून काल झोप लागली नाही. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्यात. एक, भाड्याचं आणि राहण्याचं. दोन, पिवळ्या फिती. तुमच्या निरीक्षकांच्या पिवळ्या निघाल्या आणि माझ्याही पिवळ्याच. मी त्या कुठेतरी चित्रात बघून लिहिल्या होत्या. आमच्या शिंपिणीने बारा शिवून दिल्यात, साटिनच्या, पैसे देऊन झाले.

निवृत्त_चिटणीस

अगं, फिती वाया गेल्या. मताधिकाराचा पिवळा रंग आला १८६७ च्या कॅन्सस राज्यातल्या प्रचारातून, तिथल्या सूर्यफुलावरून. १८४८ मध्ये तो नव्हता. खांद्यावरून तिरक्या फिती घातलेल्या बायकांच्या मिरवणुकांची चित्रं तर विसाव्या शतकातली. वॉशिंग्टनचा प्रवेश ठेवणार असशील तर एखादा पिवळा फुलोरा तिथे खपव, सेनेका फॉल्सला मुळीच नको.

भाड्याचं सांगते, हे मला भाषणांपेक्षा आवडतं. सुरुवातीला ज्याचं त्याने. म्हणून मग लांबची यायची ती एक तर ऐपतीची, नाही तर व्याख्यानांवर पोट असलेली. पुढे अधिवेशनं मोठी झाल्यावर रेल्वे कंपन्यांकडून सवलत घ्यायची पद्धत पडली, आणि ती सवलत अशी काही किचकट की वाचून माझा जीव सुखावला. जाताना पूर्ण भाडं भरायचं आणि स्टेशनातल्या तिकीटबाबूकडून दाखला घ्यायचा. तो अधिवेशनाच्या चिटणिसाकडून सही करून आणायचा, मग परतीचं तिकीट एक तृतीयांश भाड्यात. पण बहुतेक वेळा असे शंभर दाखले जमले तरच! म्हणजे चिटणीस बाई शेवटच्या दिवशी व्यासपीठावर कमी आणि "दाखला आणलात का, दाखला" करत मंडपात जास्त फिरत असणार. मला ती दिसते. मी तीच होते.

१८८८ च्या परिषदेची चिटणीस होती रेचल फॉस्टर, तिशीच्या आतली पोरगी. तिने मागाहून हिशेब दिलाय: दहा हजार आवाहनपत्रकं छापून टपालात टाकली, चार हजारांच्या आसपास पत्रं लिहिली, सगळी छापील पानं मोजली तर ६,७२,००० भरतात. पानं मोजलीत बघ तिने. ज्याने हे काम केलंय तोच पानं मोजतो, बाकीच्यांना वाटतं परिषदा आपोआप भरतात.

राहण्याचं म्हणशील तर गावातल्या लोकांच्या घरी, किंवा ओळखीच्या हॉटेलात. अँथनीबाई वॉशिंग्टनला वर्षानुवर्षं रिग्ज हाउस नावाच्या हॉटेलात उतरायच्या, संस्थेच्या खजिनदारबाईंचे यजमान ते चालवायचे, पैसे घ्यायचे नाहीत.

आता ह्याच रेल्वेची दुसरी बाजू. १८९० मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. पुढे १८९५ ला अधिवेशन दक्षिणेत, अटलांटाला ठरलं, तर अँथनीबाईंनी फ्रेडरिक डग्लस ह्या काळ्या पुढाऱ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. गोऱ्या दक्षिणेकडच्या मंडळींना अवघड जाईल म्हणून. सेनेका फॉल्सला मताच्या ठरावावर मॉटबाईसुद्धा कचरत होत्या तेव्हा उभे राहून त्याची बाजू लढवणारा माणूस हा! अधिवेशन फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपलं आणि २० फेब्रुवारीला डग्लस गेले. त्या दिवशीसुद्धा ते वॉशिंग्टनमध्ये बायकांच्याच एका सभेला जाऊन आले होते.

आणि १८९९ ला मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सला. लॉटी विल्सन जॅक्सन म्हणून एक काळी प्रतिनिधी, मिशिगनचीच. तिने ठराव मांडला की काळ्या बायकांना रेल्वेत धूम्रपानाच्या डब्यात बसायची सक्ती होऊ नये. दक्षिणेकडच्या प्रतिनिधी नाराज झाल्या. अँथनीबाई म्हणाल्या, आपण स्वतःच मताविना असहाय, आपले हात बांधलेले. ठराव बाजूला ठेवला गेला. तिच्याकडे कागद होता, शिक्का होता, नाव यादीत होतं. सवलतीचं तिकीट काढून आलेल्या बायकांच्या सभेत तिने रेल्वेच्या डब्याचा विषय काढला होता. तुला दुसरा प्रवेश हवा असेल तर हा घे, ह्यात टेबलही ठेव आणि नोंदवहीही ठेव.

तू खाजगी निरोपात विचारलंस, अकोल्याची बाई नाटकात घेऊ का. घे, माझी हरकत नाही. नाव मी सांगणार नाही, तूही ठेवू नकोस. पण तिला सेनेका फॉल्सच्या दारात उभी करू नको. तिथे तिला कुणी अडवलं नसतं, भाच्याने दार उघडलं की तीही बाकीच्यांबरोबर आत गेली असती.

तालीम बघायला यायचंय मला. साताऱ्याला भाची आहे, मुक्कामाची सोय होईल. फक्त शनिवारी ठेव, इतर दिवशी नातू असतो माझ्याकडे.